दहाव्या ओळीवरची ठेच

प्रिय डेक,

तू पाठवलेलं वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक पोचलं. गुळगुळीत कागद, बागेत खुर्च्या, खुर्च्यांत म्हातारेकोतारे, आणि सगळे एकाच दिशेला बघून हसतायत. ब्रिस्बेनची हवा चांगली, तुझं घर जवळ, खोली धरून ठेवली आहे, मी फक्त हो म्हणायचा अवकाश. सूनबाईने, शोनाने, कोपऱ्यात पेनाने बदाम काढलाय. तिला म्हणावं, बदाम मिळाला. हो की नाही ते शेवटी सांगते, आधी माझं मुकाट्याने ऐकून घे. फोनवर तू मधेच 'बरं बरं, आई' करतोस, म्हणून लिहायला बसले.

नाताळात तुम्ही आलात तेव्हा मी तुझ्या गाण्याचा विषय काढला होता. तेच, गॅरेजमध्ये केलेलं, ज्याला तुझे बाबा 'जिन्यावरून भांड्यांची पाटी सुटली' म्हणायचे. मी म्हटलं, मधे एका जागी ते अडखळायचं ना, तिथे बाबा दरवेळी फसायचे. तर तू शोनाकडे बघितलंस. दिसलं हो मला ते. मग लहान पोराची समजूत काढावी तसं सांगितलंस की आई, ते गाणं कुठेच अडखळत नाही, तुझाच काहीतरी घोटाळा होतोय. वर रेकॉर्ड लावून दाखवलीस. आणि खरंच, सरळसोट निघालं. चुकलेला बसथांबा, गॅसवर राहिलेली किटली, आणि आता हे! तुमचं दोघांचं तिथेच ठरलं.

किटली मी विसरले, कबूल. पण ती ठेच मी विसरलेली नव्हते. तुझे बाबा, माझा केव्ह, पोलादाच्या कारखान्यातून पाळी संपवून यायचा, बूट काढता काढता तुझ्या गॅरेजमधल्या गोंगाटावर टेबलावर बोटं वाजवायचा, आणि बरोब्बर त्या जागी त्याचं बोट हवेतच राहायचं. 'गंडवलं रे पुन्हा कार्ट्यानं!' म्हणून ओरडायचा आणि हसत सुटायचा. तो कारखाना बंद पडायच्या आधीचा शेवटचा उन्हाळा. त्यानंतर तो तसा हसलेला मला आठवत नाही. आता मला सांग, ती ठेच नव्हतीच, तर ते हसूही मी मनानेच रचलं म्हणायचं? तुम्ही गेल्यावर मी दोन दिवस त्याच विचारात होते. भीती वाटली मला. मग भीतीचा राग आला, आणि राग आला की मी काय करते ते तुला ठाऊक आहे.

सरळ उठले आणि हॅमिल्टनला व्हिन्सच्या दुकानात गेले. तुझ्याबरोबर स्पीकर उचलायचा तो व्हिन्स. आता टक्कल पडलंय, जुन्या रेकॉर्डी विकतो. त्याला म्हटलं, डेक कॉम्प्युटरच्या ज्या प्रोग्रॅमवर गाणी करायचा तो मला शिकव, मला ते गाणं पहिल्यापासून बांधायचंय. तो म्हणाला, अहो मॉयरा, मिनिटाला सव्वादोनशे ठोके आहेत त्यात, डोकं फिरेल तुमचं! मी म्हटलं, ते फिरलंय असं माझा मुलगाच म्हणतोय, तेव्हा तू नको काळजी करूस.

मला वाटायचं काय मोठी जादू असेल. कसलं काय! विणकामाचा नमुना वाचता येतो त्याला हेही वाचता येतं. पडद्यावर वरून खाली ओळी, एका ओळीत एक टाका, चौसष्ट ओळी झाल्या की पान संपलं. तू एका जुन्या ड्रमच्या रेकॉर्डिंगची पार खांडोळी केली होतीस. कुठे नुसता शेवटचा तुकडा, कुठे एकच ठोका इतक्या भराभर की त्याचा ट्रर्रर्र व्हावा. मी रेकॉर्ड ऐकायची, थांबवायची, एक ओळ लिहायची, पुन्हा ऐकायची. शेजारच्या ग्वेंडाने कुंपणावरून विचारलंच, मॉयरा, वॉशिंग मशीन गेलं का गं तुझं? म्हटलं, गेलं नाही बाई, नाचतंय. आकडे सोळाच्या हिशेबात, म्हणजे नवानंतर ए, बी करत एफ, आणि मग दहा लिहायचं पण समजायचं सोळा. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला त्याचं काय? उलट इतकं अंगवळणी पडलं की अंड्यांच्या खोक्यावरचं दहा मला सोळा दिसायला लागलं.

एका जागी तुझं पान अर्ध्यात तुटतं आणि पुढच्या पानाच्या सोळाव्या ओळीवर उडी मारतं. मी उडीचा हुकूम दिला, सवयीने दहा लिहिलं, आणि वाजवलं. डेक, माझं बोट टेबलावर ठेका धरून होतं, ते हवेतच राहिलं!

तीच ठेच. तीच, तिथेच. मी स्वयंपाकघरात एकटी मोठ्याने ओरडले. व्हिन्सला फोन लावला आणि फोन स्पीकरपाशी धरला. तो एकदम म्हणाला, आयला! हीच ती! अहो, ही चूक आम्ही सगळ्यांनी केलीय! त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सगळे हुकूम सोळाने मोजतात, तो एक उडीचा हुकूम तेवढा साध्या दहाने मोजतो. मनात सोळा धरून दहा लिहिलं की गाणं दहाव्याच ओळीवर आपटतं, ठोक्याच्या मधोमध. तूही तेच केलं होतंस. तो अख्खा उन्हाळा गॅरेजमध्ये ते तसंच वाजत होतं, व्हिन्सला लख्ख आठवतंय. पुढे रेकॉर्ड काढताना कुणीतरी चूक दाखवली आणि तू सरळ करून टाकलंस. आधीच्या फ्लॉप्या घर बदलताना फेकल्यास. तुझ्यापाशी उरलं ते सुधारलेलं. मी नुसती कानावर विसंबून बसले असते तर जन्मात सापडली नसती ती ठेच. मी चुकले म्हणून सापडली.

मग मी रडले. पुन्हा पुन्हा तेवढीच जागा वाजवली आणि रडले. केव्ह खरंच हसला होता रे. व्हिन्स मला चिडवतो, आता सोळा करून टाका की बरोबर! त्याला सांगितलंय, त्या दहाला हात लावलास तर बोटं मोडीन.

तर आता उत्तर. नाही. ती खोली सोडून दे, एखाद्या गरजू माणसाला मिळेल. विजेची किटली आणलीय, ती आपली आपण बंद होते. बसथांबा चुकलाच तर पुढे उतरून चालत येते, पाय धड आहेत. उद्या खरंच माझं डोकं गेलं तर व्हिन्स आणि ग्वेंडा तुला कळवतील, तसं दोघांना बजावलंय, तेव्हा खुशाल ये आणि ने. पण ते डोकं गेल्यावर. तुला आठवत नाही म्हणून माझं खोटं, असं या घरात चालणार नाही. गाणं तुला पाठवलंय. शोनाला शेजारी बसव, टेबलावर बोटं वाजव आणि काय होतं ते बघ. चूक तुझी, सुधारलीस तू, आणि विसरलासही तूच, बाबांच्या हसण्यासकट. असू दे, होतं असं. मी काही त्यावरून तुझ्यासाठी कुठे खोली बघत फिरत नाहीये.

तुझीच, आणि स्वतःच्याच घरात राहणारी,
आई