मामांच्या शेजारची खुर्ची

पनवेल
रविवार, १० मे २०२६

प्रिय रिवका,

सप्रेम शालोम. आम्ही इकडे ठीक आहोत, तूही अश्दोदला ठीक असशील असं धरून चालते. हेप्झिबा आंटी गुरुवारी इस्रायलला तुमच्याकडे यायला निघतायत. आईने त्यांच्या बॅगेत तुझ्यासाठी पोह्याचे पापड, मेतकूट आणि कोकमाच्या आगळाची बाटली कोंबली आहे. बाटली तीन पिशव्यांत गुंडाळली आहे, तरी पापडांना वास लागला तर आईला बोल, मला नको. पत्राचं ऐकून आंटी म्हणाल्या, "अगं, फोन कर की सरळ! मी काय पोस्टमन आहे?" मी म्हटलं, फोनवर मी खोटं बोलते. त्या खूप हसल्या.

इथलं काय सांगू? उकाडा आहे. आमच्या गल्लीत पुन्हा खणून ठेवलंय. सिनेगॉगमध्ये शनिवारी प्रार्थनेला दहा पुरुष जमवताना ती चालवणाऱ्या हज्जान साहेबांच्या नाकी नऊ येतात. मी अजून त्याच लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट टाइप करते. चांगला आला, वाईट आला, मला सगळे सारखेच. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं माझं वर्षभर चाललंय. गाल चावला तरी कळत नाही.

आपले प्रकाशक जगन सर दुसऱ्या भागासाठी मागे लागलेत. आपल्या दोघींच्या 'शेवटची लाँच'ची नवी आवृत्ती निघतेय आणि तिच्या मागच्या पानावर दुसऱ्या भागाची जाहिरात छापायची आहे म्हणे. उरणच्या समृद्धी नावाच्या नववीतल्या मुलीने मला सहा वेळा एकच मेसेज पाठवला आहे: 'ताई, निशाच्या बाबांचं काय झालं?' सरांनी 'मागील भागात काय घडलं' ते थोडक्यात मागितलं होतं, ते तेवढं लिहून झालंय. वाच:

'पनवेलमध्ये मेलेली माणसं उठू लागतात. त्यांना थांबवणारा एकच नियम आहे. मेलेल्याच्या शेजारी, त्याला पुरेपर्यंत, कोणी जागं बसलेलं असेल तर तो उठत नाही. सतरा वर्षांची निशा आणि तिचे बाबा कसेबसे मोरा बंदरावर पोचतात. मुंबईची शेवटची लाँच सुटायच्या आत जेटीवरचा तिकीटवाला गणू मरतो. तो उठला तर कोणीच वाचणार नाही. बाबा गणूच्या शेजारी बसतात आणि निशाला म्हणतात, तू जा. लाँच सुटते.'

हे लिहिताना काही वाटलं नाही. नियम तुझाच. आपल्यात माणूस गेला की दफन होईपर्यंत त्याला एकटं ठेवत नाहीत, कोणीतरी शेजारी बसून स्तोत्रं वाचतं. बारावीच्या सुट्टीत तू म्हणाली होतीस, "ताल, यातच अख्खी कादंबरी आहे." आणि निशाचे बाबा म्हणजे सरळसरळ आपले मनासे मामा. तुझे बाबा. पुस्तक वाचून ते म्हणाले होते, "पानावर मारलं नाहीत ना मला? मग माझी हरकत नाही."

मामांच्या कबरीच्या दगडासाठी तू पाठवलेली ओळ आईला मिळाली. पुढच्या महिन्यात वर्ष होतंय, त्याआधी दगड बसायला हवा. ओळीचा कागद दगडवाल्याला द्यायचं काम माझ्याकडे आहे. आठवडा झाला, कागद माझ्या पर्समध्येच आहे.

आई जेवायला हाक मारतेय. उद्या लिहिते.

मंगळवार, १२ मे

उद्याचा परवा झाला.

तू पाठवलेली ओळ मला पाठ झाली आहे. 'ते एक क्षणही एकटे नव्हते.' रिवका, ही ओळ दगडावर कोरता येणार नाही. का ते लिहायला घेते. तुझ्यामाझ्यात आजवर कोणी कोणाचं पान फाडलेलं नाही, हेही फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मामा शुक्रवारी संध्याकाळी गेले. शब्बाथ लागला, शनिवारी दफन करत नाहीत, म्हणजे रविवारी. तुमच्याकडे युद्धाचे सायरन वाजत होते, विमानं बंद होती, तुला येता येत नव्हतं. तू मला म्हणालीस, "ताल, माझ्या जागी तू बस." मी म्हटलं, बसते. सुकापूरच्या घरात, हॉलमध्ये, मामांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. वर पांढरी चादर. शेजारी ती निळी प्लास्टिकची खुर्ची, ज्यावर बसून मामा बूट घालायचे. सगळ्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. शनिवारी दुपारी दोन ते चार माझी. रात्रभर जागलेले पुरुष आमच्याकडे जेवायला गेले होते, आई त्यांना वाढत होती. घरात मी आणि मामा.

स्तोत्रांचं पुस्तक देवनागरीत होतं, तरी मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. बाहेर पाऊस. अडीचला लाईट गेली आणि पंखा थांबला. मग चादर हलली. छातीपाशी, एकदाच.

लादी वितळून सरकली होती. मला ते माहीत होतं. लाद्या माझ्यासमोर रचल्या होत्या. मला हेही माहीत होतं की मेलेली माणसं उठत नाहीत, उठतात हे आपणच लिहिलं होतं, अंथरुणात लोळत, शेव खात. तरी मी उठले. दार उघडं टाकलं आणि जिन्यावरून पळाले.

खाली मेडिकलच्या शेजारी चहावाला आहे, त्याच्या ताडपत्रीखाली उभी राहिले. चहा प्यायले. बिस्किटाचा एक पुडा सबंध खाल्ला. मामा वर एकटे आहेत हे मनात येत होतं, पण दुसऱ्या कोणाच्या मामांबद्दल ऐकावं तसं. पंचवीस मिनिटांनी वर गेले. लाईट अजून आली नव्हती.

निळ्या खुर्चीत गुणाबाई बसली होती. तीच, मोऱ्याची कोळीण, दर शनिवारी मामांकडे मासळी घेऊन येणारी. पंचवीस वर्षांत तिने मामांच्या दारात कोळंबी काढली नाही, खवल्यांचीच मासळी आपण खातो हे तिला आपल्या पोरांपेक्षा पक्कं ठाऊक. टोपली दाराबाहेर ठेवलेली. मला बघून एवढंच म्हणाली, "येकला ठेवलास गो बाय? मानूस हाय ना त्यो." आणि उठून गेली. मी तिला काही विचारलं नाही. खुर्चीत बसले. चारला माझी पाळी संपली.

संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर तुझा फोन आला. तू विचारलंस, पूर्ण वेळ होतीस ना गं? मी म्हटलं, "हललेसुद्धा नाही."

तू म्हणालीस, "तू होतीस म्हणून मला इथे झोप लागेल." त्यानंतर वर्षभर तू हे दर फोनवर म्हणालीस. म्हणून मी फोन उचलेनाशी झाले. तुला वाटलं पुस्तक गाजलं म्हणून मी फुगले आहे. मी वाटू दिलं.

दुसरा भाग का होत नाही, ते आता तुला कळलं असेल. निशा बंदरावर परत येते. बाबा दिसणार, एव्हाना मेलेले. आणि ते उठलेले असणार, कारण शेजारी कोणी नव्हतं. नियमच तसा आहे. मी नऊ वेळा पहिलं पान लिहिलं, नऊ वेळा ते उठले.

बुधवार, १३ मे

आज लॅबला दांडी मारली आणि मोऱ्याला गेले. गुणाबाईला वर्षभर टाळलं होतं. ती शनिवारी आमच्या गल्लीत आली की मी आत जायचे.

ती दारात जाळ्याच्या ढिगाशेजारी बसून मांदेली वाळत घालत होती. बस म्हणाली. मी एका दमात विचारलं, मावशी, त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मामा किती वेळ एकटे होते?

"तुला नाय ठावं? जिन्याच्या खाली माज्या टोपलीला पाय लावून तर पलालीस तू. मी हाक मारली. तू नाय बघितलंस."

मला ते तिथेच आठवलं. पायाला काहीतरी लागलं होतं आणि सुक्या मासळीचा वास आला होता.

"लिप बंद व्हती," ती म्हणाली. "तीन जिनं. माजं गुडगं हायत का? दर जिन्याला बसले, मंग वर गेले. दार उगडा, मानूस येकला. मंग बसले."

मी विचारलं, तुम्हांला कोणी सांगितलं होतं बसायला?

"सांगायचा काय त्यात? तुमचा मंतर मला येत नाय. मंग गप कवरा बसणार? मी त्यांना सांगत बसले, पावसाची बंदी लागली, व्होड्या वर काढल्या, पोरगा घरान हाय, आता दोन मयने सुकीच मासली खावा लागंल."

येताना मी सुकापूरला उतरले. मामांच्या बिल्डिंगच्या खालच्या पायरीपासून मोबाईलचं घड्याळ लावलं आणि गुणाबाईसारखी चढले. दर मजल्यावर बसले, तिच्याएवढा दम खाल्ला. वॉचमन बघत होता. दारापाशी पोचायला सात मिनिटं लागली.

सात मिनिटं, रिवका. ती कमी आहेत असं मी म्हणत नाही. कुलूप लावलेल्या त्या दारासमोर मी उभी होते आणि मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. पण भीती वाटली, तुझी. तू हे वाचून काय करशील याची. वर्षभरात मला धड वाटलेली ही पहिली गोष्ट.

पहिलं प्रकरण दुपारी लिहून काढलं, सोबत ठेवलंय. निशा मोरा बंदरावर परत येते. जेटीवर बाबा पडलेले आहेत. ते उठलेले नाहीत. शेजारी एक म्हातारी कोळीण बसली आहे, तिला नियम माहीत नाही, ती त्यांना होड्यांच्या बातम्या सांगतेय. जगन सर म्हणतील यात थरार कुठे आहे. म्हणोत. तुला पटलं तर पुढचं आपण दोघी लिहू. नाही पटलं तर मी हे छापणार नाही.

दगडवाल्याकडेही जाऊन आले. नाव आणि तारखा दिल्या. खाली एका ओळीची जागा कोरी सोडायला सांगितली आहे. तो पंधरा दिवस थांबेल. तीच ओळ ठेवायची, बदलायची की जागा कोरीच राहू द्यायची, ते तू ठरव, वडील तुझे आहेत. त्याचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर सरळ त्यालाच कळव. मी दगड बसवायच्या दिवशी कब्रस्तानात येईन आणि जे कोरलेलं असेल ते वाचेन.

आगळाची बाटली उघडताना जपून.

तुझ्या जागी बसलेली, आणि सात मिनिटं मामांना एकटं ठेवलेली,
ताल