सवतीचा ओरखडा

३ मार्च
आले बाई एकदाची! मी सांगते आणि सून कोलाब लिहिते. मला अक्षर येत नाही, तिला माझं तोंड आवरता येत नाही. मुलगा थायलंडात बांधकामावर, म्हणून कोलाबने मलाही आपल्याबरोबर कांपोंग थोम शहरापलीकडच्या या माकडांच्या वसाहतीत कामाला चिकटवलं. खोली हवेशीर आहे. केळी-रताळी चिरायची, तोंडाला फडकं बांधायचं, म्हणजे दिवसभर पान बंद. डॉक्टर पिसेथ म्हणाले, आजी, ही माकडं औषधांच्या प्रयोगांना जातात, म्हणून त्यांचं रक्त सारखं तपासतो. विषाणू असला तरी माकड टुणटुणीत असतं, मरतो माणूस. ओरखडा आला तर लगेच सांगा, वेळेत औषध दिलं तर वाचता येतं. मी म्हटलं, माझ्या लग्नाआधी नवऱ्याचं रक्त तपासायला तुम्ही कुठे होता? बिचारे लाल झाले.

७ मार्च
चौथ्या पिंजऱ्यात एक म्हातारी माकडीण आहे. मी तिला सवत म्हणते. दात माझ्याइतकेच, म्हणून रताळं उकडून नेते. उठताना दोघीही कण्हतो. कोलाब म्हणते, तुमच्यात थोरली कोण?

१२ मार्च
रताळं देताना सवतीचं नख मनगटाला लागलं. तिची चूक नाही, मागून दुसरीने ढकललं. चुना लावला. कोलाब लिहायलाच तयार नव्हती. म्हणे, आई, आधी डॉक्टरांकडे जा.

१३ मार्च
डॉक्टरांना दाखवलं. नुसतं धुवा म्हणाले. झालं समाधान, सूनबाई?

२१ मार्च
ताप. अंग ठेचून काढल्यासारखं. काम सरत नाही, ऊन सरत नाही. कोलाबने बाम चोळून चमच्याने पाठ, हात लाल पट्टे उठेपर्यंत ओढून अंगातला वारा काढला, तापावर आमचा हाच जुना उपाय. मनगटावर फोड आला होता, तो चमच्याखाली फुटला. तिचंही डोकं दुखत होतं, मग तिची मान आणि उजवा हात त्याच चमच्याने मी ओढला. आता सासू-सून दोघी पट्टेवाल्या वाघिणी.

२६ मार्च
चौथ्या पिंजऱ्याच्या रक्ताचा निकाल आला. सवतीचं रक्त खराब. पिंजरा धुतलेला, रिकामा. रताळं हातातच राहिलं.

मनगट बधिर आहे.

कोलाब, लिही. तेरा तारखेचं खोटं आहे. मी डॉक्टरांकडे गेलेच नव्हते. ओरखडा सांगितला असता तर सवतीला त्याच दिवशी उचलून नेलं असतं, आणि नेलेली परत येत नाही —

तिचं पेन थांबलं. मला वाटलं, रागाने. म्हणते, आई, बोटांना मुंग्या आल्यात.

२६, संध्याकाळ
शेजारणीला डॉक्टरांकडे पिटाळलं. अजून नाही आली. कोलाब डाव्या हाताने लिहिते — अक्षरं सरड्यासारखी पळतात म्हणते — आणि वर हसते.

माझी जीभ जड — लवकर लिही, पोरी. ते येईपर्यंत मला बोलता आलं नाही तर —

डॉक्टर, आधी सुनेला औषध द्या. माझं राहू दे. ओरखडा माझा. चमचा माझ्या हातात होता. तिला मी सांगितलं होतं की तुम्ही बघितलंय. तिला काही माहीत न