पाखरांचा तांब्या

७ मार्च १९८३, बोरतळी

आलो एकदाचा! निलंग्याहून सुटलेल्या एसटीनं तीन ठिकाणी दम घेतला, टपावरची वळकटी धुळीनं ओळखू येईना, पण दुर्बीण मी मांडीवर सांभाळून आणली. लातूर जिल्हा वेगळा होऊन अजून वर्ष व्हायचंय. कंडक्टर बोलता बोलता उस्मानाबाद म्हणाला आणि जीभ चावली.

इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचं. खोली वीरण्णांच्या किराणा दुकानामागं मिळाली. वीरण्णा म्हणजे गळ्यात लिंग, कपाळी भस्म आणि बोलणं अगदी मऊ. चहा पाजून म्हणाले, नांदेडला गोदावरीकाठी पाखरं मोजणारे मास्तर तुम्हीच ना? म्हणजे माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती! गावात पक्षिमित्र मंडळ आहे, ते त्याचे अध्यक्ष. नोंदवही लिहायला शिकलेला माणूस त्यांना हवाच होता. मी लगेच हो म्हणालो.

९ मार्च

तळं पाहिलं. तळं कसलं, भेगाळलेली काळी जमीन. टँकर तीन दिवसांनी येतो आणि घागरीवरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. पण त्याच बायका सकाळी आपल्या वाट्यातला एक तांब्या बांधावरच्या लिंबाखाली नेतात आणि दगडी डोणीत ओततात. याला ‘पाखरांचा तांब्या’ म्हणतात. एकही घर चुकवत नाही. वीरण्णा म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळातही तो बंद पडला नव्हता. मला भरून आलं. मीही माझा तांब्या ओतला.

१३ मार्च, रविवार

आज पहिली मोजणी, आणि आजच डोकं फिरलं.

मंडळात मारोती नावाचा एक फासेपारधी आहे. पूर्वी तित्तर धरायचा. वीरण्णांच्या शब्दावर फास सोडले आणि आता मंडळासाठी पाखरं मोजतो. त्याच्याजवळ पिंजऱ्यात एक पाळीव तित्तर आहे. तो बोलला की रानातले तित्तर भांडायला धावत येतात. पूर्वी ते फासात पडायचे, आता हा नुसते मोजतो. मी दुर्बिणीतून एकतीस मोजले. हा डोळे मिटून कान देऊन बसला आणि म्हणाला, त्रेचाळीस. सगळे फिदीफिदी हसले. वीरण्णांनी नोंदवहीतला माझा आकडा खोडायला लावला, तोही माझ्याच हातानं. बी.एस्सी. झालेला माणूस मी!

वर आणखी, निघताना मारोती मलाच शिकवून गेला, “सावज वर ससाण्याकडं बघतंय मास्तर. पायाखाली बघत न्हाई. म्हणून गावतंय.”  हे मी विसरणार नाही.

२६ मार्च

दगडी डोणीला चीर गेली होती, पाणी थांबेना. मंडळ नुसतं बोलत बसलं. मी निलंग्याला गेलो आणि एका खतं-औषधांच्या दुकानातून रिकामं पत्र्याचं पिंप आणलं. ते आडवं कापून अर्धं लिंबाखाली ठेवलं. फवारणीच्या औषधाचं होतं. दुकानदार म्हणाला होता, चुना टाकून तीनदा धुवा, पंधरा दिवस उन्हात ठेवा. तीनदा धुवायला पाणी कुठलं? राख लावून एका घागरीत उरकलं. वास गेलाय. वीरण्णांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मारोती पिंपाजवळ वाकून बराच वेळ बसला होता. जळत असेल.

२ एप्रिल

सगळी मेली.

लिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. तित्तर अठ्ठावीस, होले बावन्न, लांडोरी अकरा, साळुंक्या मोजवल्या नाहीत. चोची उघड्या, माना मागं वळलेल्या. बायका पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. कुणीतरी पाण्यात विष घातलं. कोण ते सांगायला हवं का? पाखरं धरण्यात ज्याचा जन्म गेला तो. ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही. त्याला पाण्यासाठी तडफडताना बघायचंय मला.

३ एप्रिल

चावडीवर बैठक झाली. मीच बोललो आणि चांगलं बोललो. त्याच्या पालातून घोड्याच्या शेपटीच्या केसांनी वळलेल्या फासांचं गाठोडं आणि पिंजरा उचलून आणला, सगळ्यांसमोर ठेवला. मारोती म्हणत होता, फास जुने हायत, पाच सालात उघडले न्हाईत. कुणी ऐकेना. वीरण्णा खाली मान घालून बसले होते. शेवटी ठरलं, मारोतीच्या घराला टँकरचं पाणी बंद. पिंजरा पुरावा म्हणून माझ्या खोलीत.

नोंदवहीत लिहिलं: ‘मारोतीनं घातलेल्या विषानं पाखरं मेली.’ अक्षर सुरेख आलं. आता खोड म्हणावं!

५ एप्रिल

हे लिहू की नको? ही वही माझी आहे, कुणी वाचत नाही.

दुपारी एकटाच लिंबाकडं गेलो. पिंपाच्या सांध्यात पिवळट खळ होती, उन्हानं सुटून तळाला बसलेली. बोट लावून हुंगलं. तोच वास. सहा दिवस ती सांध्यात चिकटून होती, सातव्या दिवशी सुटली.

मी वाळूनं पिंप घासायला घेतलं तोच मारोती समोर उभा. मागं त्याची बायको साखराबाई आणि वीरण्णा. दोन दिवस पाणी नव्हतं, ओठ फुटले होते. म्हणाला, “इख पिंपात हाय, मास्तर. म्या न्हाई घातलं. वास घ्या की.” वीरण्णांनी माझ्याकडं पाहिलं. ते एवढंच म्हणाले, मास्तर, तुम्ही सांगाल ते खरं.

मी म्हणालो, पिंप स्वच्छ आहे.

मारोती पिंपाजवळ आला. मग म्हणाला, स्वच्छ हाय तर पितो. तळातला गढूळ तांब्या भरला आणि गटागट प्यायला. मी त्याचा हात धरू शकलो असतो. दोनच पावलं होती.

निलंग्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत, बैलगाडीतच गेला.

६ एप्रिल

गाव म्हणतं, केलेल्या पापाच्या शरमेनं प्यायला. मी पिंप तळ्याच्या भेगाळ जमिनीत पुरलं. कंबरभर खोल. वीरण्णांनी दगडी डोण चिखलानं लिंपून घेतली.

९ एप्रिल

साखराबाई दारात आली. रडली नाही. म्हणाली, वहीत धन्याचं नाव लिवलंय ते खोडा आन् खरं लिवा, एवढंच करा. मी म्हणालो, नोंद मंडळाची आहे, मला खोडता येत नाही. निदान पिंजरा घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. त्यो बोलावतोय. तेचं काम ऱ्हायलंय अजून.”

तित्तर आल्यापासून मुका आहे. दाणा खात नाही. मरतही नाही.

१७ एप्रिल

आज रविवार, मोजणीचा दिवस. बाराला खोलीत आलो आणि तित्तर बोलला. कतीतर, कतीतर, कतीतर! तित्तर पहाटे बोलतात, दिवेलागणीला बोलतात. भर दुपारी नाही.

तळ्याकडून उत्तर आलं. एकच. लांबून. आज सकाळच्या मोजणीत एकही तित्तर नव्हता. मीच शून्य लिहिलंय.

१८ एप्रिल

सकाळची शाळा सुटली. पुन्हा बाराला. उत्तर बांधापर्यंत आलं. बाहेर जाऊन पाहिलं, पांढरं ऊन, काही नाही. वीरण्णांना विचारलं. त्यांना ना हा ऐकू आला, ना तो.

२१ एप्रिल

दारासमोरच्या धुळीत पाखरांचे पाय उमटलेत. तित्तराचे, होल्याचे, लांडोरीचे. सगळे दाराकडं येणारे. परत गेलेला एकही नाही.

मोजले. लिंबाखाली जेवढी मोजली होती तेवढे. पुढं एका माणसाच्या अनवाण्या पायांचे.

२३ एप्रिल

माठ कोरडा. शाळेत जाताना काठोकाठ होता. तळाला पिवळट खळ.

वीरण्णांकडं पाणी मागितलं. तांब्या तोंडाशी नेला आणि तोच वास. फेकला. ते म्हणाले, मास्तर, दुष्काळात पाणी फेकता? तेच पाणी ते प्यायले. त्यांना काही झालं नाही.

२५ एप्रिल

शाळेतलं पाणी, टँकरचं पाणी, शहाळं — सगळ्याला वास. घशाखाली उतरत नाही. कलिंगड चोखलं, ओकलो.

मी मुद्दाम केलं नाही. राख लावून धुतलं होतं. पाणी नव्हतं म्हणून —

साखराबाई आज पुन्हा येऊन गेली. तेच. खोडा. मी दार उघडलं नाही. एका पारधिणीपुढं मी —

२७ एप्रिल

पिंजऱ्याचं दार उघडं करून पाहिलं. तित्तर बाहेर येत नाही. माझ्याकडं बघतो. मान मुरगळायला हात घातला. त्यानं बोटाला चोच मारली. त्यालाही तोच वास.

उत्तर आता भिंतीपलीकडून.

२९ एप्रिल

ओठ फुटले. जीभ सुजली. वीरण्णांनी नांदेडला तार केली म्हणे, माझा भाऊ येईल. शाळेत गेलो नाही. लघवी नाही दोन दिवस.

चूक मारोतीची होती. प्यायला कशाला? कुणी सांगितलं होतं? — मीच. स्वच्छ आहे म्हणालो. दोनच पावलं होती.

३० एप्रिल

वीरण्णा खिडकीतून म्हणाले, परवा मंडळाची बैठक आहे, नोंदवही तयार ठेवा. म्हणाले, मास्तर, तुम्हाला काही सांगायचं असेल तर लिहून ठेवा, मी समजून घेईन. त्यांना कळलंय. पहिल्यापासून कळलंय की काय?

लिहीन. परवा.

१ मे

दारात पिंप.

तळ्याची काळी माती तशीच चिकटलेली. आत काठोकाठ पाणी. नितळ. वास नाही. पहिल्यांदाच वास नाही.

दार लावून घेतलंय. पाणी हललेलं ऐकू येतं.

२ मे

बारा वाजले. पिंजरा रिकामा. तित्तर पिंपाच्या काठावर. बोलतोय. मलाच बोलावतोय.

नोंदवही घेतलीय. आधी लिहिणार. मग पाणी. लिहिलं की सुटलो. साखराबाई तेवढंच मागत होती —

खोडलं. मारोतीचं नाव खोडलं. माझ्याच हातानं.

उंबऱ्यावर बसून लिहितोय. पाणी हाताशी. किती गार असेल. तित्तर गप्प झाला. वर बघतोय, आभाळात काहीतरी — ससाणा नाही, काहीच नाही —

पायाला काय गुंडाळलंय. केस. घोड्याच्या शेपटीचे. घट्ट होतंय —

बघितलं नाही मी. खाली बघितलं नाही —

मागं कुणीतरी उभं आहे. तांब्या पुढं करतंय. फुटलेले ओठ —

लिहितो, लिहितो. नोंद. मारोतीनं विष घातलं नव्हतं. पिंप स्वच्छ नव्हतं. पाखरं मेली ती ज्याच्या हातानं त्याचं नाव —

एक घोट. फक्त एक. मग नाव लिहितो. त्याचं नाव —