इंटरकूलर आणि दोन कळशा गोडं पाणी

२ मार्च, रविवार

ठरलं! गाडीला इंटरकूलर बसवायचा. आणि मीच बसवणार.

जेवताना गेल्या वर्षीची गोष्ट पुन्हा निघाली. एकवीरेच्या चैत्री पालखीला सगळे निघाले आणि खंडाळ्याच्या घाटात गाडीने मान टाकली. काळा धूर, पिकअप शून्य, दोन्ही आत्या खाली उतरून चालत. सासूबाई हसून हसून सांगत होत्या, सासरे मात्र ताटात बघत होते. त्यांना लागलंय ते. अख्ख्या होडीचा कप्तान, त्या चंदू तांडेलाची गाडी भररस्त्यात बंद पडते म्हणजे काय!

आमची गाडी जुनी डिझेल, नऊ सीटची. टर्बो आहे, इंटरकूलर नाही. मी म्हटलं, टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते, मग चढावर इंजिनाला दम कुठून येणार? मधे हवा थंड करणारी जाळी बसवू. एवढं मी एका श्वासात बोलले. मग सासरेबाबा नवऱ्याला, प्रितमला म्हणाले, "तिला म्हनावं, पानी कुठून घालनार?"

तिला म्हणावं! मी त्यांना आमटी वाढत होते तेव्हा! लग्नाला दीड वर्ष झालं. मी बीडीडी चाळीतली, बौद्ध. हे कोळीवाड्यातले. कोर्टात लग्न केलं. भांडण कुणीच केलं नाही, पण बाबांनी माझं नाव अजून एकदाही घेतलेलं नाही. सरळ माझ्याशी बोलतही नाहीत. मधे प्रितम लागतो.

आणि गेल्या वर्षी यात्रेला मला कुणी चल म्हटलं नाही. येऊ नको असंही म्हटलं नाही. मी डबा घेऊन कामावर, गॅरेजला गेले. इथे खोटं कशाला लिहू — लालबाग येईपर्यंत रडत गेले.

५ मार्च

संध्याकाळी बंदरावर गेले होते. बाबांची होरी निघत होती. (सासरी ड, ढ चा र होतो. होडीची होरी, गाडीची गारी, काढलंचं कारलं. आता माझ्याही तोंडून कधीकधी निघतं.) निघण्याआधी बाबा धक्क्यावर उभे राहून नावं घेतात. ज्याचं नाव घेतलं तो चढतो, बाकीचे घरी. वाद नाही, विचारणं नाही. यात्रेला निघतानाही आदल्या संध्याकाळी दारात उभं राहून अशीच नावं घेतात म्हणे. मनूकाका तेवढे नावांची वाट न बघता डिझेलचा कॅन घेऊन आधीच चढून बसले होते. ते इंजिन सांभाळतात. जुने आहेत, चालत असेल.

प्रितमला समुद्र लागतो. तो आयुष्यात एकदाच गेला आणि बादलीभर ओकून आला. बँकेत बसलेला बरा.

पाण्याचा प्रश्न आज कळला. होरीच्या इंजिनाचा कूलर समुद्राच्या पाण्यावर चालतो. परत आल्यावर आतला खार निघावा म्हणून बाबा त्याला गोडं पाणी पाजतात, मगच घरी येऊन स्वतः पितात. त्यामुळे पाण्याशिवाय कूलर ही कल्पनाच त्यांना पटत नाही.

८ मार्च, शनिवार

ऑपेरा हाऊसला, स्पेअर पार्ट्सच्या गल्लीत. अख्खी दुपार! दुकानदार प्रितमलाच सगळं समजावत होता आणि प्रितम माझ्याकडे बघून मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "शेठ, मला स्टेपनी बदलता येत नाही, हिच्याशी बोला."

इंजिनाच्या डोक्यावर बसणारा घ्यावा तर पाइप आखूड लागतात, पण खालून इंजिन भाजणार. घाटात हळू चढताना तर जास्तच. शिवाय बॉनेट कापायला लागेल. पुढे जाळीमागे बसवला तर हवा सरळ लागते, पण तो रेडिएटरची हवा अडवतो. दुकानदार सगळ्यात मोठा, जाडजूड गळ्यात मारत होता. नको. मोठा घेतला की रेडिएटर तापायला लागेल, एक दुखणं काढून दुसरं लावल्यासारखं. पुढे बसणारा, मध्यम, पातळ असा घेतला. बाबांचा पाण्यावरचाही बघितला, खरंच बघितला. गर्दीत उभ्या गाडीला तो बरा. पण पंप वेगळा, टाकी वेगळी, बिघडायला जागा दुप्पट. आपल्याला घाट चढायचाय.

घरी आणल्यावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याला हळदकुंकू लावलं. बाबांनी उचलून पाहिला, एका तोंडातून आत बघितलं. प्रितमला म्हणाले, "हलका हाय." परत जागेवर ठेवला. तान्हं मूल ठेवावं तसा!

१४ मार्च

होळीचा थकवा. गॅरेजला दांडी. आई नाचल्या, बाबाही नाचले!! चोरून बघितलं.

१६ मार्च

माहेरी, पप्पांकडे जाऊन आले. यात्रेचं सांगितलं. मला वाटलं होतं, देवीचं नाव काढलं की चिडतील. म्हणाले, "अगं, तिथंच तर आपली कार्ल्याची लेणी. देऊळ आणि चैत्य एकमेकांना टेकून आहेत. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन चढलो होतो." मग चहा ओतत म्हणाले, "तुला नेणार आहेत का पण?"

मी विषय बदलला. देवीपुढे मी हात जोडीन असं काही नाही, जोडणार नाहीच बहुधा. मी लेण्यात बसेन. मला गाडीत जागा हवी आहे, बस. सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून, डबा मांडीवर घेऊन. एवढंच.

२२ मार्च, शनिवार

आज डोकं सटकलं होतं. आधी ते लिहिते.

कूलर बसवायला घ्यावा म्हणून ओट्यावरून उचलला तर जड! हलवला — आत गुडगुड. पाणी! तोंडांवर मी फडकं बांधलं होतं, तेही सोडून पुन्हा नीट बांधलेलं. तसाच जोडला असता आणि चावी मारली असती तर पाणी थेट इंजिनात. पाणी दाबलं जात नाही, आतलं लोखंड वाकतं. खलास गाडी, खलास यात्रा! यात फक्त हवा जाते हे किती वेळा सांगितलं होतं!

तणतणत आत गेले. आई तांदूळ निवडत होत्या. "यांनीच धुतला," म्हणाल्या. "सकाळी नळ आला ना, तवा. दोन कळशा. पयला त्याला पाजला, मंग आमी भरला."

मी तिथेच बसले. आमच्याकडे नळ सकाळी थोडा वेळ येतो, त्यात अख्ख्या घराचं भरायचं असतं. त्यातल्या पहिल्या दोन कळशा त्यांनी माझ्या कूलरला पाजल्या. होरीच्या इंजिनाला पाजतात तशा. न सांगता, न विचारता! कितीही रागवायचं म्हटलं तरी जमेना. उलट रडूच आलं. आई म्हणाल्या, "काय झालां गो?" मी म्हटलं, तिखट गेलं डोळ्यात. समोर तर नुसते तांदूळ होते!

बाबा बंदरावर गेल्यावर पाणी काढलं. वाया नाही घालवलं, तुळशीला घातलं. गॅरेजमधून हवेचा पंप आणून आतून फुंकलं आणि कूलर उपडा करून बोंबील वाळवायच्या वलांडीवर, बांबूला, बोंबलांच्या ओळीत उन्हात टांगला. शेजारची दर्शना विचारते, "ह्यो कुठला मासा?" बाबा यायच्या आत काढायचा होता. विसरले. ते आले, वलांडीसमोर जरा थांबले, आत गेले. कळलं असेल का त्यांना? वाईट वाटलं असेल का? कुणालाच सांगणार नाही. प्रितमलाही नाही.

२३ मार्च

बसवला!! दिवसभर गाडीखाली. पत्र्याच्या दोन पट्ट्या गॅरेजातून वेल्ड करून आणल्या होत्या. पण लोखंडाला अॅल्युमिनियम नुसतं आवळलं तर गाडीच्या थरथरीने तडकेल, मधे रबर हवं. तेच शोधत होते तर टूलबॉक्सवर रबराचे चार तुकडे ठेवलेले. जाड, नीट चौकोनी कापलेले. होरीच्या कडेला टायर बांधतात, त्यातले. ठेवणारा पाठमोरा, जाळं विणत बसलेला.

"थँक्यू बाबा," म्हटलं. जाळ्याकडे बघतच मान हलवली.

३० मार्च, गुढीपाडवा

ट्रायल. वरळी सी फेसला मी चालवत होते, प्रितम शेजारी, बाबा मागे. उगाच आलो असा चेहरा करून. जरा दाबली आणि फाट! बंदुकीसारखा आवाज, गाडी ढिम्म. कूलरचा होज, हवेची रबरी नळी, निसटला होता. चूक माझी. पाइपला तेलाचा हात लागलेला, पुसायचा राहिला, क्लिप घसरली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज दुसऱ्यांच्या गाड्या करते मी!

आणि मागून हसू. बाबा हसत होते! डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "शिंकली!" म्हणाले. "गारी शिंकली!" मग आम्ही तिघंही.

पाइप पुसला, क्लिप आवळली. नंतर काय पळाली! पुलावर चौथ्या गिअरमध्ये चढली, धूर नाही. आरशात बघितलं. बाबा खिडकीतून समुद्राकडे बघत होते, पण कान इंजिनाकडे होता.

३ एप्रिल

संध्याकाळी बाबा दारात उभे राहिले. नावं घ्यायला.

मी ओट्याशी मोदकांचं सारण हलवत होते. मुद्दाम. आवाज मात्र सगळा येत होता. रखमा, म्हणजे आई. प्रितम. मोठी आत्या. धाकटी आत्या. दोन्ही काका. कालिंदीवैनी. मग चपलांचा आवाज, बाबा बाहेर गेले.

प्रितम येऊन मागे उभा राहिला. "मी बोलतो त्यांच्याशी," म्हणाला. मी म्हटलं, नको. सांगून मिळालेली जागा मला नको.

सारण खाली लागलं.

४ एप्रिल

घाटाच्या अलीकडे चहाला थांबलोय. भराभर लिहितेय, हाका मारताहेत.

पहाटे सगळे गाडीत बसले. डबे दिले, दार लावलं, हात हलवायला मागे सरकले. प्रितम मागच्या सीटवर चेपून बसलेला, गोंधळलेला. बाबा पुढे डावीकडे. स्टिअरिंगपाशी कुणीच नाही.

"काय उभी ऱ्हायलीस?" बाबा. माझ्याकडे बघून! मला!

"माझं नाव नाही घेतलंत तुम्ही."

"इंजिनवाल्याचा नाव कवा घेतात काय? त्याच्याबिगर होरी हलल तरी का?" मग जरा खाकरून, हळू, "त्यातला पानी सगला कारलास ना?"

चावी गाडीलाच होती. घाट आता पुढे आहे. चालवतेय मी.