टाळी, टाळी, चुटकी

रविवार, हळदीकुंकवाची संध्याकाळ

बाया कवाच्या गेल्या, पण माझं डोकं तिथंच अडकलं आहे.

उखाण्यांऐवजी यंदा मी खेळ ठेवला. दोन टाळ्या, एक चुटकी, अन् ठेक्यात एक बोल. भाज्या झाल्या, मालेगावच्या रस्त्यावरची गावं झाली. मग मीच विषय दिला, सासू रोज काय म्हणते? बाया लोटपोट झाल्या. "दूध उतू गेलं." "पदर घे." "माहेरी हेच शिकवलं का?"

पाळी आमच्या सासूबाईंवर आली. त्यांच्या दोन टाळ्या झाल्या अन् हात तसेच जुळून राह्यले. चुटकी नाही, बोल नाही. मी हसत म्हटलं, "आत्याबाई, तुमी बाद."

असा विषय कायले दिला मी? ते जुळलेले हात सारखे दिसून राह्यले.

आता कप धुताना विचारलं, "वाईट वाटलं का?"

"नाही वं. मी लगन होऊन आली तवा या घरात सासू नव्हतीच. सासू काय बोलते, मले काय मालूम?" मग हात पुसत म्हणाल्या, "म्हणून तुयासंग बोलाले जमत नसन."

टोमणा होता का माफी? चार वर्षं मी त्यांच्या गप्प राहण्याले रागच समजत आली.