काळ्या गाडीची सुटी किल्ली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलपं दुरुस्त करणे व किल्ल्या बनवणे, राहणार माझ्याच दुकानाच्या वरचा मजला, हे लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळे चष्म्यासकट चांगले आहेत आणि माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. पत्नी गेली तीन वर्षं "एकदाचं लिहून टाका" म्हणते आहे, पण त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत असं वकीलबाई सांगतात. त्यांनी आणखी एक बजावलं आहे. खाडाखोड करायची नाही. मत बदललं तर पुढे नवं कलम लिहायचं, जुनं आहे तसं ठेवायचं. तेव्हा पुढे काही उलटसुलट आढळल्यास मला भ्रम झाला असं कुणी समजू नये.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिच्यामागे मुलीला. स्वयंपाकघराच्या दाराचं कुलूप बेचाळीस वर्षं अडकतं आहे आणि ते मी "उद्या बघतो" म्हणत आलो. या मृत्युपत्राला हात लावायच्या आधी ते दुरुस्त केलं, याची नोंद असावी.

कलम २. दुकान, किल्ली कापायचं मशीन, कानशींचा पूर्ण संच आणि गिऱ्हाइकांची वही मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण ती लगेच दुकानावरची पाटी बदलायला निघाली असती. आता खुशाल बदलावी.

कलम ३. आमच्या इमारतीच्या सचिवांनी फाटकाचं कुलूप मला न विचारता बाहेरून आणलं. खाली कुलपांचं दुकान असताना. ते कुलूप मी सर्वांदेखत केसाच्या पिनेने उघडून दाखवलं, तेव्हापासून ते जिन्यात मान वळवतात. त्यांना माझ्या काचेच्या कपाटातलं पितळी सात-खटक्यांचं कुलूप द्यावं. किल्ल्यांशिवाय द्यावं असं मनात आलं होतं. पण किल्ल्यांसकट द्यावं.

कलम ४. काळी गाडी. परदेशी बनावटीची, चामड्याच्या सीटांची, दारं लावली की बाहेरचा आवाज बंद होणारी ही गाडी मी पंधरा वर्षांपूर्वी जुनी घेतली. माझ्यासारख्याने असली गाडी घ्यायचं कारण नव्हतं. पण माझा धाकटा भाऊ एका कारखानदार साहेबांकडे ड्रायव्हर होता, साहेब ती विकायला निघाले होते आणि भाऊ म्हणाला, "दादा, आठ वर्षं मीच चालवलीय. डोळे झाकून घे." मी डोळे झाकून घेतली.

पहिल्याच महिन्यात ती भर चौकात बंद पडली. खड्डा आला, धक्का बसला, समोरचे सगळे दिवे लागले, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि मागे हॉर्नची रांग. किल्ली पुन्हा फिरवली की लगेच सुरू. असं महिन्यातून चार-पाच वेळा. पुलावर, चढावर, एकदा तर ट्रॅफिक हवालदाराच्या पायाशी. गाडीच्या मिस्त्रींनी पेट्रोलचा पंप बदलला, बॅटरी बदलली, दोन सेन्सर बदलले, वायरिंग उकलून पुन्हा बांधलं. त्यांच्या गॅरेजात गाडी शहाण्यासारखी वागायची. "काका, दोन तास फिरवली. एकदाही बंद पडली नाही," असं म्हणून ते मला किल्ली परत देत आणि घरी येताना पहिल्याच गतिरोधकावर गाडी मान टाकत असे. मुलगी तिच्याजवळच्या जादा किल्लीवर चालवायची, तेव्हाही काही होत नसे. "बाबा, ती तुमच्यावरच रुसलीय," असं ती म्हणायची. मला ते हसण्यावारी नेणं जमलं नाही.

ही गाडी माझ्यामागे भंगारात काढावी.

कलम ५. धाकट्या भावाला काहीही देऊ नये. कारण लिहितो. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी त्याने नवं घर बांधलं आणि पाहुण्यांना जेवायला बोलावलं. आईला घेऊन मी निघालो. दीड तासाच्या रस्त्यात गाडी पाच वेळा बंद पडली. शेवटी एका ट्रकवाल्याने घाबरून शिवी दिली तेव्हा आई रडायला लागली, आणि तिला शांत करून पोचेपर्यंत पाहुणे उठले होते. मी अंगणातच सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "साहेबाकडून दलाली खाल्लीस आणि भावाच्या गळ्यात भंगार बांधलंस." तो एवढंच म्हणाला, "दादा, माझ्या हातात ही एकदाही बंद पडली नाही." मला ते धडधडीत खोटं वाटलं. तेव्हापासून तेरा वर्षं बोलणं नाही. आई गेली तेव्हा आम्ही दोघं एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून उभे होतो. आईने शेवटची पाच वर्षं दोन घरांत विभागून काढली आणि एका घरी दुसऱ्याचं नाव काढायचं नाही हे ती शिकली. हे सर्व त्याच्या त्या गाडीमुळे झालं.

इथवर काल लिहिलं. आज सकाळी मिस्त्रींना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. ते हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलावर कागद पसरायला जागा हवी म्हणून त्यांनी माझा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि तो हातातच धरून राहिले.

"काका, गाडीची किल्ली यात काय करतेय?"

"ती यातच असते."

"मग माझ्याकडे सुटी का देता?"

"दुकानाच्या किल्ल्या मी कुणाच्या हातात देत नाही," मी म्हटलं. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. दुकान, तिजोरी, कपाटं, गिऱ्हाइकांचे नमुने, सगळ्या मिळून एकतीस किल्ल्या. गॅरेज असो, गाडी धुणारा असो, देताना मी लागेल तेवढीच काढून देतो आणि परत आली की जुडग्यात अडकवतो.

मिस्त्री जुडगा घेऊन उठले. खाली गेलो. जुडग्यासकट गाडी सुरू केली, शाळेसमोरचा गतिरोधक ओलांडला आणि ती बंद पडली. नंतर सुट्या किल्लीवर त्याच गतिरोधकावरून सहा फेऱ्या मारल्या. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. पुन्हा जुडगा लावला. दुसऱ्या फेरीला बंद. "ओझ्याने किल्लीचं आतलं कुलूप झिजलंय," मिस्त्री म्हणाले. "धक्का बसला की जुडगा हिसका देतो, किल्ली मागे फिरते आणि इंजिन बंद."

मला समजावून सांगायची गरज नव्हती. पन्नास वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो की किल्लीला ओझं लावू नका, कुलूप आतून झिजतं. दुकानाच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात तशी पाटी आहे. मला एवढी लाज याआधी कधी वाटली नव्हती. भाऊ खरं बोलला होता. साहेबांची गाडी तो एका किल्लीवर चालवत होता.

वर आलो. पत्नीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "फोन तुम्ही करताय की मी करू?"

मी केला. तो म्हणाला, "कोण गेलं?"

"कुणी नाही. गाडी चांगली होती. चूक माझी होती."

मग तो म्हणाला, "आता कुठे आहे ती?"

कलम ६. कलम ४ मधलं शेवटचं वाक्य आणि कलम ५ पूर्ण रद्द. मी भावावर चारचौघांत खोटा आळ घेतला. त्याने दलाली खाल्ली नव्हती. आईची पाच वर्षं माझ्यामुळे तशी गेली, आणि ती मला कुणालाही लिहून देता येत नाहीत. काळी गाडी धाकट्या भावाला द्यावी.

कलम ७. दुपारी भाऊ बसने आला. केस पांढरे झाले आहेत, चाल तीच. हे कागद त्याने उभ्याउभ्या वाचले. कलम ५ दोनदा वाचलं. मी म्हटलं, ते पान फाडतो, सगळं नव्याने लिहितो. तो म्हणाला, "फाडू नकोस. दोन्ही राहू दे." मग चष्मा काढून त्याने विचारलं, "दुसरा साक्षीदार कोण?"

"खालचा स्टेशनरीवाला येतोय."

"त्याला नको म्हणून सांग. मी करतो सही."

"तुला करता येणार नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नाही, असं वकीलबाई म्हणतात."

"मग गाडी नको," तो म्हणाला. "तू हे लिहिलंस ते मी पाहिलं, एवढं पुरे मला."

मी खूप समजावलं. तो आमच्या आईचा मुलगा आहे, ऐकला नाही. तेव्हा कलम ६ मधलं शेवटचं वाक्य रद्द करून काळी गाडी मुलीला देतो. अट एवढीच. गाडीला किल्लीचं आतलं कुलूप नवं बसवावं आणि किल्ली कायम सुटी ठेवावी. तिचे काका मागतील तेव्हा न विचारता द्यावी.

कलम ८. एकतीस किल्ल्यांचा जुडगाही मुलीला. तो कमरेला लावावा.

हे सर्व मी माझ्या हाताने, राजीखुशीने लिहिलं. सही करण्याआधी आम्ही दोघं गाडीतून एक चक्कर मारून आलो. तो चालवत होता. जुडगा माझ्या मांडीवर होता.

स्थळ: वरचा मजला, जेवणाचं टेबल.
दिनांक: सतरा मार्च, शनिवार.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १. गाडीचा मिस्त्री. यांनी माझ्यासमोर सही केली. पंधरा वर्षं लक्षात आलं नाही याबद्दल दिलगीर आहे. (सही)

साक्षीदार २. धाकटा भाऊ. माझ्यासमोर सही केली. सर्व वाचलं. मला यातून काही मिळत नाही. गाडी चांगली आहे. (सही)