पडवी विकायची नाही

मी, कॅथरिन इनास लोपीस, वय चोपन्न, वाडीतली केळी व भाजी पिकवून विकणारी, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, पण डोके ठणठणीत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मरायची मला घाई नाही. परंतु गेल्या मे महिन्यात माझे दीर बॅप्टिस्ट यांनी बिल्डरला माझे घर दाखवले आणि "वहिनी आता किती दिवसांची?" असे म्हणाले, ते उजव्या कानाने मी ऐकले. म्हणून ही तजवीज.

एक. माझे यजमान इनास बोटीवर नोकरीला होते. १९९९ साली ते एचआयव्हीने वारले. त्यांच्या शवपेटीचे झाकण कोणी उघडू दिले नाही. माझी पेटी घरात आणि चर्चमध्ये उघडी ठेवावी. ज्याला भीती वाटेल त्याने लांबून बघावे, पण बघावे. मला मूलबाळ नाही. जमीन वडिलांनी मला बक्षीसपत्राने दिली व घर मी स्वतःच्या कमाईने बांधले. त्यावर इतर कोणाचाही हक्क नाही.

दोन. यजमानांकडून तोच आजार मलाही आला होता. त्यावर २००५ साली टीबी झाला, तोही नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. तेव्हा बॅप्टिस्ट यांनी त्यांच्या दारावरून विहिरीकडे जाणाऱ्या माझ्या वाटेवर विटांची भिंत घातली. दवाखान्यातल्या कंपाउंडरने माझा केसपेपर चिमट्याने उचलला. त्या कंपाउंडरला मी माझ्या जुलै २००८ च्या थुंकीच्या रिपोर्टची झेरॉक्स देते. जंतू आढळले नाहीत, असे त्यात लिहिले आहे. ती त्याने हाताने घ्यावी.

तीन. घर, पडवी व वाडी मी श्रीमती जयवंती दिनानाथ चुरी, निवृत्त नर्स, राहणार वटार, यांना देते. औषधे मुंबईहून फुकट मिळाली, पण रोज सुई टोचायला इथे कोणी तयार नव्हते. जयवंतीबाई आठ महिने आल्या. त्या सुयांनी माझा डावा कान गेला. एकदा उलट्यांनी वैतागून मी गोळ्या केळीत भिरकावल्या आणि म्हटले, "बाई, तुम्ही जा. मला मरू द्या."

"मर की," त्या म्हणाल्या, "पण आधी गोळ्या घे. मी वटारहून दोन बस बदलून आलेय."

मी घेतल्या. दोन वर्षे घेतल्या. एचआयव्हीच्या गोळ्या अजूनही सकाळ-संध्याकाळ घेते, एकही चुकवलेली नाही.

चार. बरी झाल्यावर मी पडवीच्या तिन्ही बाजू मोकळ्या केल्या, वारा खेळता राहावा म्हणून. आगाशीपासूनचे टीबीचे रोगी तिथे माझ्यासमोर गोळ्या घेतात, सुया जयवंतीबाई देतात. आजवर अकरा जण आले. पाच बरे झाले, चौघांचे उपचार चालू आहेत, दोघे गेले. गेलेल्यांसाठी दर वर्षी चर्चमध्ये मिस्सा सांगावी. पडवी विकू नये, भाड्याने देऊ नये.

पाच. माझी सोन्याची माळ बहिणीची मुलगी ॲंजेला हिला. आजारपणात ती माझ्या ताटात जेवली. मी ओरडले तरी जेवली.

सहा. बॅप्टिस्ट यांना मी काहीही देत नाही. मात्र गेल्या ऑगस्टमध्ये ते फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या बायकोला, लूर्डसला, तोच हट्टी टीबी निघाला होता.

"वहिनी, तिला पडवीत घ्याल का?"

मी म्हटले, "तिला लांबून फिरून येणे झेपणार नाही. भिंत पाड."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकट्याने ती पाडली. लूर्डस रोज त्या वाटेने येते. तिचे वजन चार किलो वाढले आहे.

हे मृत्युपत्र मी वकिलांसमोर वाचून दाखवले. साक्षीदाराला यातून काही मिळू शकत नाही, हे वकिलांनी बॅप्टिस्ट यांना दोनदा समजावले. "माहीत आहे," ते म्हणाले, "सही कुठे करू?"

ठिकाण : गिरीज
दिनांक : १३ फेब्रुवारी २०१०

लिहून ठेवणार : कॅथरिन इनास लोपीस (सही)

आम्हां दोघांसमक्ष सही केली, साक्षीदार :
१. व्हिन्सेंट फ्रान्सिस डाबरे (सही)
२. बॅप्टिस्ट लोपीस, दीर (सही)